शनिवारचा शेपू

शेडमध्ये शिरण्याआधी ते दारात थांबायचे. हनुवटी जराशी वर, डोळे मिटलेले आणि एक हात आडवा धरलेला, म्हणजे मागून येणाऱ्यानेही थांबावं. एक लांब श्वास आत ओढायचे आणि म्हणायचे, "आधी वास घ्या, मग पाय टाका."

अंबरनाथच्या ज्या केमिकल कंपनीत आमचं आयुष्य गेलं, तिथे ते शिफ्टचे मुख्य होते आणि मी स्टोअरमध्ये होतो. त्यांचं नाव लिहीत नाही. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो, आणि त्यांच्यापेक्षा वयाने मोठे असलेले साहेबही भाऊच म्हणायचे. प्रत्येक कारखान्यात असा एक माणूस असतो, ज्याच्या सवयीची नक्कल कँटीनमध्ये रोज होते. तुम्हीही पाहिला असेल. आमच्याकडे नक्कल भाऊंची व्हायची. कुणी डबा उघडला की दुसरा हात आडवा धरून डोळे मिटायचा.

भाऊंना ते माहीत होतं आणि त्यांची त्याला हरकत नव्हती. उलट लग्नाच्या पंगतीतही ते पानावर वाकून एकेक पदार्थ हुंगायचे आणि शेजारच्याला हळूच सांगायचे की बासुंदीच्या वाट्याला जाऊ नकोस. त्यांची बायको शेजारी बसलेली असली की ती पदराआडून कोपर मारायची. नाकाचा एवढा अभिमान असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

रिटायर झाल्यावर त्यांनी अंबरनाथ पूर्वेची भाड्याची जागा सोडली आणि चिखलोलीत नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला. वरचा मजला, लांबवर डोंगर दिसणारी गॅलरी. वहिनींनी त्या गॅलरीत कुंड्या लावल्या आणि वर्षाच्या आतच वहिनी गेल्या. मुलगा पुण्याला. तो चांगला मुलगा, वाईट बोलावं असं त्याच्यात काही नाही. बापाने आपल्याकडे यावं म्हणून तो मागे लागलेला होता आणि भाऊ म्हणायचे, माझे हातपाय चालतात तोवर माझी चूल माझी.

आमचं शनिवारचं जेवण तेव्हा सुरू झालं. आम्ही तिघे जायचो. मी, फिटर असलेला गायकवाड आणि लछू. लछूचं उल्हासनगरला दुकान. कंपनीला मशीन पुसायच्या चिंध्या तो पुरवायचा, आणि चिंध्यांचे गठ्ठे उतरवता उतरवता आमच्यातलाच एक होऊन गेला. तो पापड आणायचा, कारण सिंध्याच्या हातात पापड नसेल तर तो पाहुणा कसला, असं त्याचंच म्हणणं. गायकवाड त्याच्या बायकोने केलेली सुक्या बोंबलांची चटणी आणायचा. मी दही न्यायचो. भाजी आणि भाकरी भाऊंची.

आणि भाजी शेपूची.

मला शेपू आवडत नव्हता असं म्हणणं फार सौम्य होईल. लहानपणी आई शेपू चिरायला बसली की मी शेजाऱ्यांकडे जेवायला जायचो. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी बायकोला सांगून टाकलं होतं की तुझं सगळं ऐकेन, पण ही जुडी घरात येता कामा नये. त्या भाजीचा वास बोटांना लागतो, ढेकरातून येतो आणि दुसऱ्या दिवशीही आपण काय जेवलो होतो हे विसरू देत नाही.

पहिल्या शनिवारी मी पाहुण्यासारखा गप्प बसून दोन घास गिळले. दुसऱ्या शनिवारी पुन्हा शेपू. तिसऱ्या वेळी मला वाटलं, बाजारात दुसरी भाजीच नसेल. मग लक्षात आलं की हे असंच चालणार आहे. लछू म्हणाला की म्हातारा कंजूष झालाय, शेपूची जुडी स्वस्त मिळते. गायकवाडचं मत वेगळं होतं. वहिनींच्या हातची ती भाजी असायची, म्हणून भाऊ करत असतील, आपण काही बोलू नये, असं तो म्हणायचा आणि त्याचे डोळे भरून यायचे. गायकवाडला रडायला फार कारण लागत नाही.

भाऊ स्वतः आमच्याबरोबर बसत नसत. आम्हाला गरम भाकरी मिळावी म्हणून ते तव्यापाशी उभे राहायचे आणि शेवटी जेवायचे. पण पहिलं वाढून झालं की पिठाचे हात तसेच घेऊन स्वयंपाकघराच्या दारात यायचे आणि माझ्याकडे बघायचे. लछूकडे नाही, गायकवाडकडे नाही, माझ्याचकडे. मी घास तोंडात घातला आणि माझं तोंड वाकडं झालं की त्यांचा चेहरा खुलायचा. समाधानाने मान हलवून ते आत जायचे. मला वाटायचं, हा माणूस माझी गंमत बघतोय.

मग मीही टोचून बोलायला लागलो. आज लसूण करपलाय. आज देठं तशीच ठेवलीत, गवत खाल्ल्यासारखं वाटतंय. आज डाळ भाजीला भेटलेलीच नाही. भाऊ ऐकून घ्यायचे आणि पुढच्या शनिवारी ते दुरुस्त झालेलं असायचं. देठं गेली. शेपू बारीक चिरलेला येऊ लागला. मुगाची डाळ भिजवून, अर्धवट शिजवून, प्रत्येक दाणा सुटा राहील अशी त्यात पडू लागली. लसूण ठेचलेला आणि बदामी. वर कधी दाण्याचं भरड कूट. माझ्या तक्रारींतून ती भाजी घडत होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

कधी आवडायला लागली ते सांगता येणार नाही. एवढं आठवतं की एका शनिवारी बोलता बोलता माझी वाटी रिकामी झाली आणि मी हात पुढे केला. लछूने पापड मोडता मोडता ते पाहिलं. "साईं, ये देखो," तो गायकवाडला म्हणाला, "आपला स्टोअरवाला शेपू मागतोय." मी लाजलो. घरी येऊन बायकोला सांगितलं तर तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात सगळ्या संसाराची न आणलेली जुडी होती. पण तो गरम शेपू, ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा आणि वर थंड दही, हे खरंच चांगलं लागत होतं. तो वास, ज्याच्यापासून मी जन्मभर पळालो, तो आता भूक लावू लागला होता.

त्या दिवशी दारात उभ्या असलेल्या भाऊंचा चेहरा मात्र खुलला नाही. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि आत गेले. मला ते तेव्हा विचित्र वाटलं, आणि मी विसरून गेलो.

पुढची गोष्ट हिवाळ्यातली. आमच्या भागात राहणाऱ्याला हे सांगायला नको. थंडीच्या दिवसांत, वारा पडलेला असला की कंपन्यांच्या बाजूने कधीकधी वास येतो आणि जमिनीलगत बसून राहतो. त्या संध्याकाळी तो आला. आम्ही सोसायटीच्या गेटातून शिरलो तेव्हा वॉचमन तोंडाला मफलर बांधून उभा होता. वरपासून खालपर्यंत खिडक्या धडाधड बंद होत होत्या. जिन्यात कुणाचं तरी बाळ खोकत होतं. सडलेल्या अंड्यांचा वास, डोळ्यात पाणी आणणारा.

भाऊंचं दार उघडंच होतं. गॅलरीचा दरवाजा सताड उघडा, आणि त्यात पाटावर बसून भाऊ शेपू निवडत होते. संथपणे, एकेक काडी.

लछूने आधी जाऊन गॅलरी बंद केली. "भाऊ, काय करता तुम्ही? इतना बदबू आहे बाहेर."

भाऊंनी आम्हा तिघांच्या तोंडावरचे रुमाल पाहिले. मग हनुवटी वर केली, डोळे मिटले, श्वास ओढला. "हां," ते म्हणाले, "क्लोरीन आहे. रुमाल ओले करून घ्या."

गायकवाड माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे. क्लोरीन आणि सडकं अंडं यांतला फरक आमच्या कंपनीत झाडू मारणाऱ्यालाही कळायचा. शेडच्या दारात उभं राहून ज्यांनी आम्हाला तो शिकवला तेच हे बोलत होते. आम्ही नळापाशी गेलो. रुमाल ओले केले. त्या दिवशी जेवताना लछूने एकट्याने सगळं बोलणं रेटलं.

आठवड्याच्या मध्ये मी एकटाच गेलो. विचारायला आलोय हे त्यांना दारातच कळलं असावं. त्यांनी चहा केला. चहा करताना शेगडीचं बटण त्यांनी दोनदा तपासलं, मग खाली वाकून सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, आणि तोही पुन्हा चाचपला.

त्यांनी लपवलं नाही. सांगू लागले ते जणू दुसऱ्या कुणाबद्दल. वहिनी गेल्या त्याच सुमाराला नाक उतरायला लागलं. आधी अगरबत्ती गेली, मग चहा, मग साबण. डॉक्टर म्हणाले की कंपनीतल्या वर्षांनी नस मारलीय, परत यायची नाही. जिभेला खारट-गोड तेवढं कळायचं, बाकी सगळं सारखंच. सगळ्यात शेवटपर्यंत येत राहिला तो शेपू.

"मला तो कधीच आवडला नाही," भाऊ म्हणाले. "हिला आवडायचा. ही करायची तेव्हा मी गॅलरीत जाऊन बसायचो. पण येत होता ना. म्हणून दर शनिवारी करायचो. आला की वाटायचं, अजून आहे आपलं नाक."

मी विचारलं, कधी बंद झाला.

"ते मला कसं कळणार?" ते म्हणाले. "मी तुझ्याकडे बघायचो. तुझं तोंड वाकडं झालं की समजायचं, वास आहे, आपल्याला आल्यासारखा वाटतोय तो खराच आहे. नुसतं आठवणीतलं नाही. मग तुला आवडायला लागला. तू वाटी पुढे केलीस त्या दिवशी मी आत जाऊन कढईत तोंड घातलं. काहीच नव्हतं."

 माणसाला एखादी भाजी आवडायला लागते, यात कुणाचं काही जाऊ शकतं हे मला कोण सांगणार होतं. आजही मला त्याचं वाईट वाटतं, आणि वाईट वाटून घेण्यासारखं त्यात काही नाही हेही मला कळतं.

भाऊंना भीती एकच होती. मुलाला कळलं की हे घर संपलं. वास न येणाऱ्या म्हाताऱ्याला गॅसच्या शेगडीशेजारी एकटं कोण ठेवील? आणि मुलाचं चुकत नाही, हेही त्यांनीच म्हटलं. मग त्यांनी माझ्याशी करार केला.

"मी त्याला सांगणार नाही असं नाही," ते म्हणाले. "वेळ आली की सांगेन. पण वेळ आली हे मला कळणार नाही, ते तू सांगायचं. ज्या दिवशी माझ्या हातून खराब अन्न तुमच्या ताटात पडेल, त्या दिवशी मी जाईन. लछू सांगणार नाही, तो माती वाढली तरी मस्त म्हणेल. गायकवाड रडेल. तू सांग. आता तोंड वाकडं करून चालणार नाही, तोंडाने सांग."

मी हो म्हटलं. लछू आणि गायकवाडलाही सगळं सांगितलं. लछूने बाजारातून गॅस हुंगणारी डबी आणून भिंतीला लावली. ती फोडणीला ओरडायची, अगरबत्तीला ओरडायची, एकदा लछूच्या अत्तराला ओरडली. भाऊ तिला जावई म्हणायचे, कारण ती उगाच रुसते. पण त्यांनी ती काढली नाही.

त्यानंतरचे शनिवार मला सगळ्यात जास्त आठवतात. आता पहिला घास घेतला की मी डोळे मिटायचो आणि सांगायचो. लसूण पुढे आहे, शेपू मागून येतोय. पाला कोवळा आहे, थोडा बडीशेपेच्या अंगाने जातोय. मिरची नाकात नाही, घशात लागते. भाऊ दारात उभे राहून ऐकायचे, मध्येच विचारायचे की डाळ कशी लागते, पाला गोड आहे का. मी पुन्हा घास घेऊन नीट बघायचो. जन्मभर मी जेवलो, पण अन्नाकडे इतकं लक्ष कधी दिलं नव्हतं. शेपूला किती चवी आहेत हे मला दुसऱ्यासाठी खाताना कळलं. आमचं झालं की भाऊ स्वतःचं ताट घेऊन बसायचे आणि मी सांगितलेलं आठवत आठवत जेवायचे. त्यांच्या चेहऱ्यावरून ते दिसायचं.

तो उन्हाळ्यातला शनिवार होता. दिवसभर लाइट नव्हती. चिखलोलीत पंखे बंद, लिफ्ट बंद, माणसं गच्चीवर आणि जिन्यात. आम्ही घामाने भिजून वर पोचलो तेव्हा भाऊंचा स्वयंपाक झालेला होता. मेणबत्तीच्या उजेडात पानं मांडलेली. ते खुशीत होते. कुळगावच्या बाजारातून चांगली कोवळी जुडी मिळाली म्हणून सांगत होते.

वाटी जवळ ओढली तेव्हाच मला कळलं. सकाळी भिजवलेली डाळ त्या उकाड्यात विटली होती. शेपूच्या वासाखालून दुसराच एक कुबट वास येत होता. मी घास तोंडात घातला आणि तो तिथेच थांबला. समोर गायकवाडने पाण्याचा तांब्या उचलला आणि खाली मान घालून पीत राहिला. लछू मात्र जेवत होता. मोठमोठे घास घेत होता, पापडाचा आवाज करत होता. "मस्त हाय, भाऊ," तो म्हणाला. "एकदम मस्त." आणि टेबलाखालून त्याने माझ्या पायावर पाय दाबला.

मला कळत होतं तो काय म्हणतोय. डाळच तर आहे. पोट बिघडेल, दोन दिवसांनी बरं होईल. हा माणूस आपल्या घरातून उठला तर पुन्हा बसायचा नाही.

भाऊ दारात येऊन उभे राहिले. हाताला पीठ. मेणबत्ती माझ्या बाजूला होती, त्यांचा चेहरा मला नीट दिसत नव्हता.

"सांग," ते म्हणाले.

लछूचा पाय अजून दाबलेलाच होता. मी घास गिळला.

"भाऊ, खराब झालीय."

"नक्की?"

"नक्की. डाळ विटलीय."

 भाऊ पुढे आले आणि आमच्या तिघांच्या वाट्या उचलल्या. लछू आपली सोडेना, दोन्ही हातांनी धरून बसला, तेव्हा भाऊंनी त्याच्या डोक्यावर पिठाचा हात ठेवला आणि वाटी काढून घेतली. आत कढई खरवडल्याचा आवाज आला. तव्याखालचा गॅस त्यांनी बंद केला, हात धुतले, आणि आमच्यासमोरच मुलाला फोन लावला. फार बोलले नाहीत. मला न्यायला ये, एवढंच. तिकडून तो घाबरून विचारत असावा, कारण भाऊ म्हणाले, "काही झालं नाही रे. आता व्हायच्या आधी ये."

राहिलेल्या भाकऱ्या आम्ही चटणीशी खाल्ल्या. भाऊही बसले. चौघे एकत्र जेवायला बसलो असा तो एकच शनिवार.

मी सांगितलं ते बरोबर होतं. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. लछू त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी कामापुरतं बोलायचा.

पुण्याहून ते शनिवारी फोन करायचे. आम्ही आता अंबरनाथला गायकवाडकडे जमत होतो. मी गायकवाडच्या बायकोला भाऊंची रीत सांगितली होती, तिने शेपू केला की मी फोन कानाला लावून घास घ्यायचो आणि सांगायचो. ते ऐकायचे, मध्ये प्रश्न विचारायचे. पुढे प्रश्न कमी झाले. सुनेबद्दल तक्रार नव्हती, मुलाबद्दल नव्हती. एकदा मी विचारलं की तिकडे काय जेवता, तर म्हणाले, "वाढतात ते खातो. कोण सांगतंय कसं आहे?" मग हसले. नंतर नंतर फोन मीच करायचो आणि ते नुसतं हं हं म्हणायचे. आणि एका सकाळी मुलाचा फोन आला. झोपेतच गेले.

तेराव्याला आम्ही तिघे पुण्याला गेलो. मोठा, स्वच्छ फ्लॅट. गेलेल्या माणसाच्या आवडीचं करतात त्या रीतीने ताटात शेपू होता. सुनेने मनापासून केला होता. "बाबांना फार आवडायचा ना? दर शनिवारी करायचे म्हणे. इथे त्यांनी कधी मागितलाच नाही," ती म्हणाली. लछू म्हणाला, "हां बेटी, बहोत आवडायचा." गायकवाड रडत होता. मीही मान हलवली. तिने घेतलेल्या कष्टांवर पाणी टाकून काय मिळणार होतं.

मी पहिला घास घेतला. ती वाढायला पुढे वळली होती, वळता वळता सहज म्हणाली, "बरी झालीय का हो काका?"

मी सांगू लागलो. लसूण चांगला आहे, बदामी झालाय, पण जरा लवकर काढलाय. पाला थोडा जून आहे, म्हणून मागे किंचित कडू राहतोय. डाळ सुटी आहे, दाताखाली येतेय. मीठ बरोबर. वास भरपूर आहे, आधी येतो आणि गिळल्यावरही राहतो. ती पातेलं हातात धरून उभी होती. पंगतीतले पाहुणे जेवायचे थांबले होते आणि तिचा नवरा माझ्याकडे बघत होता. माझं बोलणं संपेना. लछूने माझा हात मनगटाशी धरला आणि हळूच म्हणाला, "बस, साईं. जेव आता."

मी जेवलो. भाजी चांगली झाली होती.